दादर-माटुंगा वसाहत : एका ट्रस्टच्या दोन रचना

प्रस्तावना

मुंबईच्या इतिहासाचा अभ्यास करताना किल्ला विभागातील सार्वजनिक इमारतींकडे जितके लक्ष दिले जाते, तितके निवासी वस्त्यांकडे दिले जात नाही. वस्तुतः शहराचा सामाजिक इतिहास वस्त्यांच्या रचनेतून अधिक स्पष्टपणे वाचता येतो. या दृष्टीने दादर पूर्व येथील हिंदू कॉलनी व पारशी कॉलनी यांची क्षेत्रभेट महत्त्वाची ठरते. आज हा भाग महानगराच्या ऐन गर्दीत असला तरी विसाव्या शतकाच्या आरंभी तो शहराच्या उत्तर कडेला होता. तेव्हा मुंबईची हद्द माहीम व सायन येथे संपत असे. पुढील उपनगरे १९५० व १९५७ च्या हद्दवाढीने महापालिकेत आली.

प्लेग आणि नगरनियोजन

१८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचा उद्रेक झाला. रोगाचे मूळ दाट वस्ती, अंधार व कोंदट हवा यांत आहे, अशी तत्कालीन शासनाची धारणा होती. त्यातून १८९८ च्या कायद्यान्वये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढणे, कामगारांसाठी चाळी बांधणे आणि उत्तरेकडील मोकळ्या जमिनीवर नव्या वसाहती आखणे अशी तिहेरी कामे ट्रस्टने हाती घेतली. दादर-माटुंगा योजना हे यातील तिसऱ्या प्रकारचे उदाहरण होय.

वसाहतीचे स्वरूप

पारशी कॉलनीतून फिरताना नियोजनाची तत्त्वे प्रत्यक्ष दिसतात. दोन इमारतींमध्ये सोडलेली जागा, मर्यादित उंचीची जुनी घरे, दुतर्फा वृक्षराजी आणि मध्यभागी ‘फाइव्ह गार्डन्स’ ही त्याची ठळक लक्षणे आहेत. अभियंता मंचेरजी एदलजी जोशी यांनी मध्यमवर्गीय पारशी कुटुंबांसाठी येथे भूखंड राखून घेतले. शेजारी हिंदू कॉलनी वसली, तर माटुंग्यात दाक्षिणात्य समाज मोठ्या संख्येने स्थिरावला.

मात्र येथेच एक विसंगती लक्षात घ्यावी लागते. प्लेगनिवारणाच्या नावाखाली ज्यांची घरे पाडली गेली, ते बहुतांशी श्रमिक होते. पाडलेल्या खोल्यांच्या मानाने नव्या चाळी अपुऱ्या पडल्या. हवा व प्रकाश यांनी युक्त असे भूखंड मात्र भाडेपट्टा परवडणाऱ्या मध्यमवर्गाच्या, आणि तेही बव्हंशी जाती-समुदायनिहाय गटांच्या, वाट्याला आले. वसाहतींची नावेच याची साक्ष देतात.

परळ ते राजगृह

ही विसंगती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या निवासस्थानांमधून विशेषत्वाने प्रकट होते. परळ येथील ट्रस्टच्याच चाळीत त्यांनी सुमारे दोन दशके वास्तव्य केले. जागेच्या टंचाईतही त्यांचा ग्रंथसंग्रह तेथे वाढत होता. पुढे १९३० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले. मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव धारण करणाऱ्या या वास्तूची उभारणी करताना ग्रंथालयाची गरज प्रामुख्याने विचारात घेतली गेली. २७ मे १९३५ रोजी रमाबाईंचे निधन याच वास्तूत झाले. ज्या समाजाला गावाच्या वेशीबाहेर राहावे लागे, त्या समाजातील विद्वानाने समुदायाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वसाहतीत स्वतःचे घर व ग्रंथालय उभारणे, ही केवळ वैयक्तिक प्रगती नव्हती. नियोजनाने गृहीत धरलेल्या सामाजिक सीमेला दिलेले ते उत्तर होते.

समारोप

१९३३ मध्ये ट्रस्टचे महापालिकेत विलीनीकरण झाले. त्याने आखलेले रस्ते व उद्याने मात्र टिकून आहेत. पुनर्विकासाच्या आजच्या काळात या वसाहतीचे जतन करण्याची मागणी रास्तच आहे. तथापि जतन करावयाचे ते केवळ वृक्ष व सज्जे नव्हेत, तर मोकळी हवा कोणाला मिळाली व कोणाला नाही, हा प्रश्नही होय. म्हणून विद्यार्थ्यांची क्षेत्रभेट दादरच्या उद्यानांपुरती मर्यादित न ठेवता परळच्या चाळीपासून सुरू करणे उचित ठरेल. या दोन ठिकाणांना जोडणारा मुख्य रस्ता आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्याच नावाने ओळखला जातो. एकाच संस्थेने एकाच शहरात आखलेल्या दोन जीवनमानांमधील अंतर त्या रस्त्याने जाताना प्रत्यक्ष मोजता येते.