प्रमाणपत्र नेमके कशाचे? जुनी बुलेट आणि वाहन-तपासणीचा इतिहास

जुन्या वाहनांचे काय करायचे, हा प्रश्न आपल्या देशात बहुधा वयाच्या भाषेत विचारला जातो. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१४-१५ मधील आदेशांनी आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशाने दिल्ली परिसरात पेट्रोल वाहनांना १५ वर्षांची आणि डिझेल वाहनांना १० वर्षांची मर्यादा घातली. जुलै २०२५ मध्ये राजधानीत अशा वाहनांना इंधनच न देण्याचा प्रयत्न झाला आणि काही दिवसांतच तो थांबवावा लागला. या साऱ्या वादात एक मूलभूत गोष्ट बाजूला राहते. वाहनाची स्थिती मोजण्याच्या आपल्या पद्धतीवर कोणाचाच पुरता विश्वास नाही, म्हणून आपण तिच्याऐवजी वय मोजतो. हा अविश्वास कितपत रास्त आहे, हे पाहण्यासाठी गेली सत्तर वर्षे भारतीय रस्त्यांवर असलेल्या एका यंत्राचे, बुलेटचे, उदाहरण घेऊ.

१९५० च्या दशकाच्या आरंभी भारतीय सैन्याने सीमेवरील गस्तीसाठी ३५० सीसीच्या ८०० बुलेट मागवल्या. पुढे १९५५ मध्ये मद्रास मोटर्स आणि इंग्लंडमधील रेडिचची रॉयल एनफिल्ड यांच्या भागीदारीतून एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि मद्रासजवळ तिरुवोत्तियूर येथे कारखाना सुरू झाला. मूळ ब्रिटिश कंपनीचा कारभार १९७० च्या सुमारास आटोपला. मद्रासची बुलेट मात्र ओतीव लोखंडाच्या त्याच इंजिनासह २०१० च्या सुमारापर्यंत जवळजवळ त्याच रूपात बनत राहिली. याचा परिणाम असा की, साठच्या दशकातील सांगाड्यावर नव्वदच्या दशकातील चाक आणि कालपरवाचे ब्रेक-लायनर सहज बसतात. नोंदणी-पुस्तिकेतील वर्ष हे केवळ सांगाड्याचे जन्मवर्ष असते. अशा गाडीचे ‘वय’ म्हणजे नक्की कोणत्या भागाचे वय?

कायद्याने या प्रश्नाला हळूहळू हात घातला. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात योग्यता प्रमाणपत्राची अट होती, पण ती मालवाहू आणि प्रवासी वाहतुकीच्या वाहनांसाठी. १ जुलै १९८९ पासून लागू झालेल्या १९८८ च्या कायद्याने खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांपुरती वैध ठरवली. त्यानंतर तपासणी करून दर वेळी ५ वर्षांचे नूतनीकरण. २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ हा स्वतंत्र वर्ग आला. त्या वर्गातील गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. त्यामुळे रोज कामावर नेली जाणारी चाळीस वर्षांची बुलेट संग्रहालयाच्या वस्तूंतही बसत नाही आणि नव्या वाहनांतही नाही. तिचे भवितव्य त्या पंचवार्षिक तपासणीवरच अवलंबून असते.

ही तपासणी रूढ स्वरूपात कशी होते? आरटीओच्या आवारात निरीक्षक सांगाड्याचा क्रमांक पडताळतो. दिवे, हॉर्न, टायर पाहतो. गाडी थोडी चालवून ब्रेक लावून बघतो. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे एक मापन आहे, आणि कोणत्याही मापनाला दोन प्रश्न विचारावे लागतात. तीच वस्तू पुन्हा मोजली, तर तेच उत्तर येते का? आणि जे मोजायचे होते, तेच मोजले गेले का?

पहिल्या प्रश्नात माणूस आडवा येतो. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असतो, म्हणजे आजच्या गाड्यांच्या नेमका उलट. नव्या गाड्यांची सवय असलेल्या निरीक्षकाला तिचा मागचा ब्रेक दुबळा वाटला, तर दोष ब्रेकचा की सवयीचा, हे सांगणे कठीण.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. गाडी आणि दोन स्वार मिळून ३२० किलो वजन धरू. ताशी २० किलोमीटर वेगाला गतिज ऊर्जा सुमारे ५ किलोज्यूल असते. ताशी ६० ला ती सुमारे ४४ किलोज्यूल होते. वेग तिप्पट, ऊर्जा नऊपट. ही ऊर्जा ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन जिरते. घाटाच्या उतारावर वारंवार ब्रेक लावला की ड्रम तापतो, प्रसरण पावून ब्रेक-शूपासून दूर सरतो आणि लायनरचे घर्षणही घटते. आवारातल्या थंड ड्रमवर उत्तम लागलेला ब्रेक घाटात दगा देऊ शकतो तो यामुळे. नव्या मोटारसायकलीला मान्यता देताना तापलेल्या ब्रेकची वेगळी चाचणी होते; म्हणजे हे ज्ञान आपल्या व्यवस्थेत आहे. नूतनीकरणाच्या वेळी मात्र ते विसरले जाते.

प्रदूषण-तपासणीचीही तीच कथा. मार्च २००० पूर्वीच्या दुचाकींसाठी इंजिन संथ चालू असताना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के आहे. उपकरण अवरक्त किरणांच्या शोषणावरून हे प्रमाण मोजते. त्यामागचे विज्ञान निर्दोष आहे. पण कार्ब्युरेटरमध्ये संथ गतीचे मिश्रण एका छोट्या स्क्रूने ठरते, तर वेगात लागणारे इंधन मुख्य जेटमधून येते. तो स्क्रू अर्धा फेरा फिरवून गाडी उत्तीर्ण करता येते. रस्त्यावरच्या धुराबद्दल त्यातून फारसे काही सिद्ध होत नाही. शिवाय एक-सिलिंडर इंजिनाचा धूर ठोक्याठोक्याने बाहेर पडतो. तपासणीची नळी पुरेशी आत नसेल किंवा सायलेन्सरचा सांधा गळका असेल, तर बाहेरची हवा मिसळते आणि आकडा फसवा, कमी दिसतो. गळकी गाडी अशा रीतीने ‘स्वच्छ’ ठरते!

उलट दिशेची चूकही संभवते. सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवरील लेहमध्ये हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम सत्तर टक्के असते. चेन्नईत नीट जुळवलेला कार्ब्युरेटर तिथे सुमारे वीस टक्के अधिक इंधनयुक्त मिश्रण देतो आणि कार्बन मोनॉक्साइड वाढतो. गाडी तीच, स्क्रू तोच. एका शहरात उत्तीर्ण, दुसऱ्यात कदाचित अनुत्तीर्ण.

सप्टेंबर २०२१ मधील नियमांनी स्वयंचलित चाचणी केंद्रांची चौकट आखली. हे पाऊल स्वागतार्ह आहे, कारण यंत्र चेहरा पाहत नाही आणि सवयीने फसत नाही. पण त्याने सुटतो तो पहिला प्रश्न. ब्रेक मोजणारे रोलर चाकाला अगदी मंद गतीने फिरवतात. ड्रम तिथेही थंडच असतो. एकच अपुरे उत्तर प्रत्येक वेळी अचूकपणे मिळणे, याला विश्वासार्हता म्हणता येणार नाही.

बुलेटच्या जन्मभूमीने वेगळी वाट धरली. ब्रिटनने १९६० मध्ये दहा वर्षांहून जुन्या वाहनांची सक्तीची तपासणी सुरू केली, आणि २०१८ पासून मोठे फेरबदल न झालेल्या ४० वर्षांहून जुन्या वाहनांना तीतून सूट दिली. गाडी सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकावरच राहिली. तिथे अशा गाड्या प्रामुख्याने हौसेने, थोड्या अंतरासाठी बाहेर पडतात. आपल्याकडे जुनी मोटारसायकल ही अनेकांची रोजची गरज आहे. ती सूट आपल्याला परवडणारी नाही.

मग करायचे काय? पाच वर्षांतून एकदा ऐवजी जुन्या दुचाकीची दरवर्षी छोटी तपासणी. सलग काही वेळा ब्रेक लावून तापलेल्या ड्रमची परीक्षा. धूर संथ गतीबरोबरच वाढवलेल्या गतीवरही मोजणे. आणि उंचीचा हिशेब. यांपैकी एकाही गोष्टीला महागडे तंत्रज्ञान लागत नाही. आपले जुने मेकॅनिक आजही चाकाचे आरे पान्याने हळूच ठोकून आवाज ऐकतात. ताणलेला आरा खणखणतो, सैल आरा बद्द वाजतो. ताणाच्या वर्गमुळानुसार कंप्रता बदलते, हा नियम त्यांनी पुस्तकात वाचलेला नसेल. पण हव्या त्या राशीचेच मापन ते करत असतात.

वयाची मर्यादा सोपी असते, कारण दिनदर्शिका कधी चुकत नाही. परंतु दिनदर्शिकेला ब्रेकची स्थिती ठाऊक नसते. नीट राखलेली जुनी गाडी भंगारात जाणे आणि सडलेल्या केबलची तुलनेने नवी गाडी पुलावरून धावत राहणे, हे दोन्ही दोष एकाच मापनाच्या अभावातून येतात. पहिल्याची किंमत गरीब मालक मोजतो, दुसऱ्याची रस्त्यावरचा कोणीही.

आपल्या शहरात जुन्या दुचाकीच्या नूतनीकरणावेळी प्रत्यक्षात काय तपासले जाते, हे वाचकांनी जरूर लिहावे.