घरगुती एस्प्रेसो आणि ग्राइंडरची निवड : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

एस्प्रेसोच्या इतिहासात यंत्राचा गौरव झाला; ग्राइंडर मात्र उपेक्षित राहिला. मिलानच्या लुईजी बेझ्झेरा यांनी १९०१ मध्ये वाफेच्या दाबावर चालणारे यंत्र घडविले. त्याचा दाब सुमारे दीड बार होता. १९४८ च्या सुमारास आकिले गाजिया यांच्या तरफेच्या यंत्राने तो आठ-नऊ बारपर्यंत नेला, तर १९६१ च्या फाएमा ई-६१ ने विजेच्या पंपाद्वारे तो स्थिर केला. परिणामी दळणाची कसोटी लागू लागली. पूड बारीक व एकसारखी नसल्यास पाणी फटींतून निसटते आणि एकाच पेल्यात आंबट व कडू चवी उतरतात. म्हणून उच्च प्रतीचा ग्राइंडर निवडताना किमतीपेक्षा दोन गोष्टी पाहाव्यात : दातेरी चकत्यांची अचूक समांतरता आणि त्यांतील अंतर सूक्ष्मपणे बदलण्याची सोय. घरगुती खर्चात अग्रक्रम यंत्राला नव्हे, ग्राइंडरलाच द्यावा, हाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.