मंडपमची छावणी



आमच्या वस्तीत एक नाना होते. महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून रिटायर झालेले. गेल्या पावसाळ्यात वारले. चौदा एप्रिलला छातीवर मेडलं लावून मिरवणुकीच्या पुढं चालायचे. १९८७ साली ते श्रीलंकेत होते. त्याबद्दल एरवी बोलायचे नाहीत. एकदाच बोलले. ते असं :

"जाफन्याच्या खाली, किलिनोच्चीकडं, एका म्हाताऱ्याच्या खोपटाची झडती घेत होतो. म्हाताऱ्यानं माझ्या खांद्यावरचं नाव बघितलं. आमच्यात एक तमिळ पोरगा होता, त्याला इचारलं, ह्ये काय लिव्हलंय? पोरानं सांगितलं, ही एक जात हाय, गावाबाहेर ऱ्हानारी. म्हातारा हसला. म्हनला, मग आपण एकच. माझा आज्जा तिरुचिरापल्लीकडचा, आम्हीबी तिथं गावाबाहेरच. आज्जा टोपली घिऊन आला, तुम्ही बंदूक घिऊन आलाय. दोघालाबी धाडनारा दुसराच."

एवढं बोलून नाना उठले. मीही पुढं विचारलं नाही. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

मग २०१९ च्या डिसेंबरात नागरिकत्वाचा कायदा झाला. आमच्या अभ्यासवर्गात त्यावर चर्चा ठेवली. श्रीलंकेतल्या तमिळांना त्यातून वगळलंय, असं मी सांगितलं. मागं बसलेला एक पोरगा उभा राहिला. हुशार पोरगा. म्हणाला, "सर, आपल्या माणसाला गावठाणात घर बांधायला जागा नाही. ते लंकेचे लोक आपले कोण? त्यांचं ओझं आपण का वाहायचं?"

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर वाचलं, रामेश्वरकडं एक चक्कर मारली, आणि नानांचा तो म्हातारा आठवला. त्या पोराला उशिरानं दिलेलं उत्तर म्हणून हा लेख वाचावा.

प्रश्न सरळ आहे. एखाद्या देशानं दुसऱ्याच्या मुलखात फौज घातली, युद्ध केलं. त्या युद्धातून जीव वाचवून पळालेली माणसं त्याच देशाच्या दारात आली. तर दार उघडायचं की लावून घ्यायचं? आणि उघडलं, तर माणसाला घरात घ्यायचं की जन्मभर ओसरीवर बसवून ठेवायचं?

टोपली

सुरुवात युद्धाच्या दीडशे वर्षं आधीपासून करावी लागते.

इंग्रजांनी सिलोनच्या डोंगरात आधी कॉफी लावली. १८६९ नंतर कॉफीवर रोग पडला, मळे उजाड झाले, तेव्हा चहा आला. डोंगर तोडायला, झाडं लावायला, पानं खुडायला माणूस पाहिजे होता. तो मद्रास इलाख्यातून नेला. कोण गेलं? ज्याच्याकडं जमीन होती तो गेला नाही. परैयर, पल्लर, चक्किलियर, म्हणजे तमिळ मुलखातले आपल्यासारखे, तेच मोठ्या संख्येनं गेले. दुष्काळ, सावकार आणि जमीनदाराची वेठ यातून सुटायला गेले. नेणारा 'कंगाणी' म्हणजे मुकादम. तो आधी उचल द्यायचा. ती उचल फिटायची नाही. माणूस एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात जायचा तर कर्जाची चिठ्ठी त्याच्याबरोबर जायची. आपल्या ऊसतोडीच्या पोरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

रामेश्वरच्या अलीकडं मंडपम नावाचं गाव आहे. तिथं सिलोन सरकारनं छावणी बांधली. मळ्यावर जाणारा मजूर तिथं काही दिवस अडवून ठेवायचा, देवी-पटकी नाही ना हे तपासायचं, मग धनुष्कोडीहून बोटीत घालायचं. छावणीचं हे नाव ध्यानात ठेवा.

दोन देश, दोन्हीकडं परके

१९४८ च्या फेब्रुवारीत सिलोन स्वतंत्र झालं. त्याच साली त्या सरकारनं नागरिकत्वाचा कायदा केला आणि मळ्यावरच्या सुमारे सात लाख माणसांना एका फटक्यात परकं ठरवलं. पुढच्या साली मताचा हक्क गेला. ज्यांच्या चहावर तो देश जगत होता, त्यांनाच देश राहिला नाही.

इथं आपल्याला अवघड जाणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९५० च्या मे महिन्यात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी कोलंबोला गेले. तिथल्या अस्पृश्यांना त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारण्याचं आवाहन केलं. त्यांना त्या धम्मात समता दिसत होती. पण ज्या राज्यानं दोनच वर्षांपूर्वी या माणसांचं नागरिकत्व काढलं होतं, त्या राज्याला धम्माशी नव्हे तर वंशाशी देणंघेणं होतं. १९७२ च्या घटनेत त्यांनी बौद्ध धर्माला अग्रस्थान दिलं. मळ्यातला माणूस मात्र तळालाच राहिला. बुद्धाचं नाव घेऊन कुणी माणसाला हाकललं, तर आपण त्याच्या बाजूनं बोलायचं नसतं. पंचशील झेंड्यावर छापून होत नाही, मित्रहो.

आणि आपलं सरकार? ही माणसं सिलोनचीच आहेत, असं नेहरू म्हणत राहिले. १९६४ च्या ऑक्टोबरात शास्त्रीजी आणि सिरिमावो बंदरनायके यांनी दिल्लीत करार केला. एकंदर ९ लाख ७५ हजार माणसं. भारतानं ५ लाख २५ हजार घ्यायची, सिलोननं ३ लाख ठेवायची. उरलेल्या दीड लाखांचा निवाडा १९७४ साली झाला, पंचाहत्तर-पंचाहत्तर हजार. बाजारात बैलांची वाटणी व्हावी तशी वाटणी. त्या दहा लाखांपैकी एकालाही कुणी विचारलं नाही की बाबा, तुला कुठं राहायचंय?

जे इकडं आले त्यातले काही निलगिरीत पुन्हा चहाच्या मळ्यावरच लागले. सरकारनं त्यांच्यासाठीच मळे काढले होते. टोपली सुटली नाही. ज्यांचा नंबर लागला नव्हता ते तिकडंच अडकले. १९७७ साली तिकडं दंगली झाल्या. डोंगरातल्या हजारो मळेवाल्यांनी घरं सोडली आणि उत्तरेत वव्हुनिया, किलिनोच्चीकडं सरकले. तिथं जाफन्याचे वेल्लाळ जमीनदार. तेही तमिळच, पण मळ्यावरच्या माणसाला हलकंच लेखणारे. भाषा एक असली म्हणून वेस एक होत नाही. नानांचा म्हातारा तिथलाच.

बंदूक

१९८३ च्या जुलैत कोलंबोपासून सगळीकडं तमिळांची कत्तल झाली. माणसं होड्यांतून रामेश्वरच्या किनाऱ्याला लागू लागली. १९८७ पर्यंत सव्वा लाखावर आली. त्यांना ठेवायला जागा? मंडपमची छावणी होतीच. जिथून आज्ज्याला बोटीत घातलं, तिथंच नातू उतरला.

याच काळात आपल्या सरकारनं तमिळ बंडखोरांच्या पोरांना आपल्या भूमीवर शस्त्रं आणि शिक्षण दिलं. ही गोष्ट आता कुणी नाकारत नाही. मग २९ जुलै १९८७ ला करार केला आणि शांतिसेना पाठवली. १० ऑक्टोबरपासून त्याच शांतिसेनेचं त्याच बंडखोरांशी युद्ध सुरू झालं. आपण शिकवलेल्या पोरांनी आपण पाठवलेल्या पोरांना मारलं, आणि आपल्या पोरांनी त्यांना.

त्यात महार रेजिमेंट होती. बाबासाहेबांनी झगडून १९४१ साली पुन्हा उभी करायला लावलेली रेजिमेंट. आठव्या महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ ला पडले. कंतरोडै गावच्या शोधमोहिमेवरून परतताना घात झाला. त्यांना परमवीर चक्र मिळालं. त्याच कंतरोडैत पुरातन दगडी स्तूपांचा एक पुंजका आहे. तमिळ मुलखातही एके काळी बौद्ध होते, धम्म कुणा एका वंशाच्या बापाचा नव्हता, हे ते दगड सांगतात. आपले जवान त्या स्तूपांच्या शेजारून बंदूक घेऊन गेले. त्यांना हे कुणी सांगितलं नसणार.

शांतिसेनेचे सुमारे बाराशे जवान मेले. त्यांना माझा जयभीम. पण दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. १९८७ च्या ऑक्टोबरात, ऐन दिवाळीत, जाफन्याच्या मोठ्या दवाखान्यात आपल्या फौजेच्या गोळीबारात रोगी, डॉक्टर, नर्सेस मिळून साठावर माणसं मेली. नाना त्या विषयावर एक शब्द बोलायचे नाहीत. मला वाटतं, त्यांचं न बोलणं हीच त्यांची साक्ष होती.

२४ मार्च १९९० ला शेवटची तुकडी परतली. जूनमध्ये तिकडं पुन्हा युद्ध पेटलं आणि पुन्हा लाखावर माणसं होड्यांतून आली. फौज गेली ते कुणाला विचारून गेली नव्हती, आली तीही कुणाला विचारून आली नाही. मागं राहिलेल्याला मात्र पळावं लागलं.

ओसरी

२१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींचा खून झाला. खून करणारे वाघ होते, शिक्षा छावणीला झाली. निर्वासितांच्या पोरांच्या शिक्षणाच्या सवलती काढून घेतल्या. १९९२ पासून परत पाठवणं सुरू झालं, तेव्हा तिकडं युद्ध चालूच होतं.

युद्ध २००९ च्या मे महिन्यात संपलं. छावण्या संपल्या नाहीत. तमिळनाडूत शंभरावर छावण्यांत आजही पन्नास हजारांवर माणसं आहेत. कित्येक संसार लहानशा एका खोलीत. ठरल्या दिवशी हजेरी. मी मंडपमला गेलो तेव्हा बाहेरूनच बघितलं, आत जायला परवाना लागतो. फाटकाशी एक बाई उभी होती. हिंदी येत होती तिला थोडी. म्हणाली, "मी इथंच जन्मले. माझी पोरगीपण इथंच जन्मली." बास, एवढंच.

१९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला माणूस जन्मानंच भारतीय. त्यानंतर जन्मलेल्याला आईबापाचा कागद दाखवावा लागतो. २००३ च्या दुरुस्तीनं तर विनाकागद आलेल्याला 'बेकायदा स्थलांतरित' असं नाव दिलं. गोळ्या चुकवत रात्री होडीत बसणारा पासपोर्टवर शिक्का मारून येतो काय? २०१९ च्या कायद्यानं पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चनांना वाट दिली. त्यात मुसलमान नाही आणि श्रीलंकाही नाही. छावणीतले बहुसंख्य हिंदूच आहेत. म्हणजे हिंदूंचा कळवळाही देश बघून येतो.

न्यायालयात गेले तर तिथंही दोन सूर. मळेवाल्यांच्या वंशातल्या काही निर्वासितांच्या अर्जावर २०१९ च्या जूनमध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठानं सांगितलं, यांचं मूळ याच मातीतलं आहे, यांच्या नागरिकत्वाचा विचार करा. २०२५ च्या मे महिन्यात शिक्षा भोगलेल्या एका श्रीलंकन तमिळाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयात शेरा आला, भारत ही धर्मशाळा नाही. त्याच वर्षी केंद्र सरकारनं नोंदणी झालेल्या जुन्या निर्वासितांना कागद नसल्याबद्दलच्या शिक्षेतून सूट दिली. पण सूट म्हणजे नागरिकत्व नव्हे. मत नाही, सरकारी नोकरी नाही. परैयराच्या पोराला जातीचा दाखला नाही, म्हणून राखीव जागा नाही. जात मात्र आहे. ती समुद्र ओलांडून गेली आणि समुद्र ओलांडून परत आली. तिला कुणी पासपोर्ट मागितला नाही.

त्या पोराला उत्तर

आता तुझ्याकडं येतो, गड्या.

तू म्हणालास, आपल्याच माणसाला जागा नाही. खरं आहे. पण आपली जागा छावणीतल्या माणसानं अडवलेली नाही. गायरान कुणी दाबलं, कूळकायद्यातून कोण निसटलं, हे तुला माहीत आहे. भुकेल्याच्या ताटाकडं भुकेल्यानं डोळे वटारावेत, ही युक्ती जुनी आहे. आपल्या बापजाद्यांवर ती पुष्कळ वेळा वापरली गेली.

कुणी म्हणेल, वाघांनी आपले जवान मारले, पंतप्रधान होऊन गेलेला माणूस मारला, त्यांना कशाला घ्यायचं? गुन्हा केला असेल त्याच्यावर खटला चालवा. पण छावणीतले बरेचसे त्या वाघांपासूनही पळालेले आहेत. त्यांची पोरं जबरदस्तीनं ओढून नेणारे तेच होते.

कुणी म्हणेल, युद्ध संपलं, आता परत जा. श्रीलंकेनं २००३ साली कायदा करून मळेवाल्या राज्यहीनांना नागरिक केलं, २००९ साली इथल्या छावणीतल्यांसाठी त्यात दुरुस्तीही केली. चांगलंच झालं. ज्याला जायचंय त्यानं जरूर जावं. पण १९६४ सारखं पुन्हा न विचारता नको. ज्याची चाळीस वर्षं इथं गेली, लेकरं इथं शिकली, त्याला इथंच राहायचं असेल, तर त्यालाही तेवढाच हक्क पाहिजे.

आणि कुणी म्हणेल, भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. नसेल केली. पण १९६४ च्या करारावर सही होती. १९८७ च्या करारावर सही होती. माणसं वाटून घेताना सही चालते, फौज पाठवताना सही चालते, मग माणसं सांभाळताना शाई कशी संपते?

म्हणून माझं म्हणणं असं. जो देश दुसऱ्याच्या घरात बंदूक घेऊन शिरला, त्यानं त्या घरातल्या पळालेल्या माणसाला 'तू बेकायदा आलास' असं म्हणू नये. निर्वासिताला घरात घेणं हे त्याच्यावरचे उपकार नव्हेत. ते युद्धाचं देणं आहे. आणि इथं तर देणं दुहेरी आहे. आधी माणूस विकला, मग त्याच्या मुलखात लढाई केली.

तू विचारलंस, ते आपले कोण? नानांना त्या म्हाताऱ्यानं उत्तर दिलं होतं. गावाबाहेरचा गावाबाहेरच्याला ओळखतो. त्याला दुभाष्यानं एक शब्द सांगितला, तेवढा पुरला.

पुढच्या चौदा एप्रिलला आमच्या मिरवणुकीत नाना नसतील. पण आमच्या मंडळाच्या ठरावांत या वेळी एक ठराव वाढणार आहे : मंडपम आणि इतर छावण्यांतल्या माणसांना, ज्यांना इथं राहायचंय त्यांना, भारताचं नागरिकत्व मिळालं पाहिजे. तो ठराव मांडायला मी त्याच पोराला सांगितलंय. अजून तो हो म्हणालेला नाही. विचार करतो म्हणालाय.

जयभीम.