फुंकणी आणि श्वार्त्स पुंपे

परवा सोयगावच्या घरी माळ्यावर आजीची फुंकणी सापडली आणि डोक्यात भलतंच चक्र सुरू झालं. हवेत जळणाच्या कामाचा ऑक्सिजन २१ टक्के. बाकी बहुतेक नायट्रोजन, फुकटचा पाहुणा. भुसावळजवळच्या दीपनगरच्या बॉयलरांचंही तेच. धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड या गर्दीतून वेगळा काढणं महाग पडतं.

मग पाहुण्याला आधीच दारात अडवलं तर? जर्मनीत श्वार्त्स पुंपे इथे वाटेनफॉल कंपनीने २००८ साली ३० मेगावॅट उष्णतेचा प्रायोगिक बॉयलर असाच चालवला. हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून त्यात कोळसा जाळायचा, आच फार भडकू नये म्हणून थोडा धूर परत आत सोडायचा. बाहेर येणाऱ्या वाफेचं पाणी केलं की उरतो बहुतांशी कार्बन डायऑक्साइड.

पण ऑक्सिजन काढण्यातच बरीच वीज जायची. त्यात वायू जमिनीखाली पुरायला गावकऱ्यांचा विरोध. येन्शवाल्डचा मोठा प्रकल्प २०११ मध्ये रद्द झाला, हा छोटा बॉयलर २०१४ मध्ये बंद पडला.

त्या गावकऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. आमच्या शिवाराखाली कुणी पुरायला आलं असतं, तर मीही विचारलंच असतं, "उद्या वर आला तर?"