कागद जपला, पण सापडेल का?

वाचकहो, घरातील वडिलोपार्जित पेटी एकदा उघडून पाहा. एखादी सनद, एखादे खरेदीखत किंवा इनामाचा मुन्तखब त्यात निघेल. लिपी उर्दू, कागद पिवळा पडलेला आणि कोपऱ्यात वर्षाचा आकडा, समजा १३४०. हे वर्ष हिजरी मानले तर कागद इ. स. १९२१-२२ चा ठरतो. फसली मानले तर १९३०-३१ चा. आकडा एकच, पण अंतर नऊ वर्षांचे! वारसाच्या दाव्यात एवढ्या फरकाने हक्क हातचा जाऊ शकतो. म्हणून कागद जपणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो काय आहे हे नीट नोंदवून ठेवणेही महत्त्वाचे आहे.

आपल्या जिल्ह्याच्या दफ्तराची कहाणी या दृष्टीने बोधप्रद आहे. निजामाच्या राज्यातील हा मुलूख १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या ताब्यात गेला. मेडोज टेलर हा नळदुर्गास डेप्युटी कमिशनर होता तो याच काळात. १८६० साली जिल्हा निजामाकडे परत आला. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा निघाला. नावही नळदुर्ग, उस्मानाबाद आणि २०२३ पासून धाराशिव असे बदलत गेले. साहजिकच एकाच गावाविषयीचे कागद फारसी, उर्दू, मोडी, मराठी व इंग्रजीत, निरनिराळ्या कचेऱ्यांत विखुरले. काही जिल्ह्यात, काही छत्रपती संभाजीनगरला, तर काही थेट हैदराबादेत. केवळ 'धाराशिव' हे नाव शोधणाऱ्याला 'नळदुर्ग' या नावाखालचा बस्ता कसा सापडणार?

हा प्रश्न जगभरच्या दफ्तरखान्यांपुढे होता. आंतरराष्ट्रीय पुराभिलेख परिषदेने १९९४ साली अभिलेखांच्या वर्णनाची एक सर्वमान्य पद्धत ठरविली आणि २००० साली तिची सुधारित आवृत्ती काढली. तीत वर्णनाची २६ कलमे आहेत. पैकी सहा अत्यावश्यक : संकेतांक, शीर्षक, कागद निर्माण करणारी कचेरी वा व्यक्ती, तारीख, आकारमान आणि वर्णनाचा स्तर. स्तर म्हणजे काय? आधी संपूर्ण दफ्तराचे वर्णन, मग त्यातील मालिकेचे, मग मिसलीचे आणि शेवटी सुट्या कागदाचे. ज्या कचेरीचे कागद तिच्याच नावाखाली एकत्र ठेवावेत, विषयवार फोडू नयेत, हे त्यामागील मूळ तत्त्व. मुहाफिजखान्यातील जुन्या कारकुनांनाही बस्ता आणि मिसल यांचा क्रम ठाऊक होता. नव्या पद्धतीने त्याला जगाची समान भाषा दिली.

२०२३ साली परिषदेने याहून पुढची पद्धत जाहीर केली. तीत कागद, व्यक्ती, कचेरी, स्थळ व घटना यांची स्वतंत्र नोंद करून त्यांचे परस्परसंबंध जोडले जातात. म्हणजे नळदुर्ग, उस्मानाबाद व धाराशिव ही नावे एकमेकांशी जोडून ठेवली, की कोणत्याही एका नावाने शोध लागतो. अशा नोंदींसाठी मोफत संगणक-प्रणालीही उपलब्ध आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१५ साली 'अभिलेख पटल' सुरू करून आपल्या सूची घरबसल्या पाहण्याची सोय केली.

परंतु पालकहो, यंत्र स्वतःहून सारे करीत नाही. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यातील कुणबी नोंदींचा शोध आरंभिला, तेव्हा कागद होते. उणीव भासली ती उर्दू व मोडी वाचणाऱ्यांची. ज्या इल्माला आपण निरुपयोगी समजू लागलो होतो, त्याचीच साऱ्या समाजाला गरज पडली. हे आपण विसरता कामा नये.

विद्यार्थी मित्रांनो, आरंभ घरापासून करा. आजी-आजोबांजवळ बसा, कागद वाचून घ्या. प्रत्येक कागद वेगळ्या पाकिटात ठेवा आणि पाकिटावर क्रमांक घाला. वहीत त्या क्रमांकापुढे लिहा : कोणी दिला, कोणास दिला, कशाबद्दल, कोणत्या सनाचा, किती पाने. वर्ष मुळात जसे असेल तसे उतरवा आणि शेजारी इसवी सन लिहा. हैदराबादी फसली वर्षात साधारणतः ५९० मिळविले की इसवी सन येतो. हिजरीला मात्र हा हिशेब लावू नका. गावाचे जुने नावही टिपा. मूळ कागदावर शाईने काही लिहू नका, चिकटपट्टी लावू नका, प्लास्टिकात कायमचा बंद करू नका.

उर्दूचे हर्फ ओळखणारा, मराठीत शुद्ध नोंद करणारा आणि संगणकावर ती चढविणारा विद्यार्थी आज दुर्मिळ आहे. आपल्या मुलामुलींना हे तिन्ही शिकणे शक्य आहे. बुजुर्गांनी कागद आपल्यापर्यंत पोहोचविला. तो पुढच्या पिढीला सापडेल असा ठेवणे ही आता आपल्याकडे असलेली अमानत आहे.