स्टेली, डॉन
(४ मे १९७०– ). अमेरिकन बास्केटबॉलपटू व प्रशिक्षिका. उत्तर फिलाडेल्फियातील सरकारी वसाहतीत, मुलांच्या घोळक्यात शिरून आपला डाव हक्काने मागत ज्यांचा खेळ घडला, त्या स्टेली यांनी पाच फूट सहा इंच या बेताच्या उंचीची उणीव चापल्याने व अचूक पासने भरून काढून व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संघाला तीनदा राष्ट्रीय उपांत्य फेरीपर्यंत नेले. १९९६, २००० व २००४ च्या ऑलिंपिक सुवर्णविजेत्या संघांत त्या होत्या. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकच्या संचलनात राष्ट्रध्वज त्यांच्याच हाती होता. टेंपल विद्यापीठाच्या प्रशिक्षकपदाची सूत्रे त्यांनी २००० मध्ये घेतली, तीही व्यावसायिक खेळ न सोडता. ही दुहेरी जबाबदारी असामान्यच म्हटली पाहिजे. २००८ पासून साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या प्रशिक्षिका म्हणून त्यांनी २०१७, २०२२ व २०२४ ची राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली. २०२३–२४ च्या हंगामात त्यांचा संघ ३८ पैकी एकही सामना हरला नाही.