कव्हर गाणं आणि मूळ गायकाचा हक्क

काल्हेरच्या रिक्षात रफींचं गाणं लागलंय, पण आवाज रफींचा नाही, असं तुम्हीही अनुभवलं असेल. हा 'व्हर्जन रेकॉर्डिंग'चा वारसा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात एक वाट होती: गाणं एकदा रेकॉर्ड झालं की ठरावीक रॉयल्टी भरून तेच गाणं दुसऱ्या गायकाकडून पुन्हा रेकॉर्ड करता यायचं. 1980 च्या दशकात टी-सीरीजच्या स्वस्त कॅसेट याच वाटेने घरोघरी पोचल्या.

आता रॉयल्टी कुणाची? शब्दांची आणि चालीची. मूळ गायक या हिशेबात नव्हताच. 'कलाकाराचा हक्क' कायद्यात आला 1994 च्या दुरुस्तीने. रॉयल्टीतला वाटा तर 2012 मध्ये.

याच मुद्द्यावर 1960 च्या दशकात लताबाई आणि रफींचं बिनसलं होतं. गायकालाही रॉयल्टी हवी, असं लताबाई म्हणत. रफींच्या मते मानधन मिळालं की हिशेब संपला. काही वर्षं दोघं एकत्र गायलेच नाहीत.

म्हणून मला 1992 चा 'श्रद्धांजली' महत्त्वाचा वाटतो. रॉकमधले ज्येष्ठ गायक कव्हर अल्बम काढतात, तसाच हा. साठी ओलांडलेल्या लताबाई त्यात सैगल, मुकेश, किशोरकुमार आणि त्याच रफींची गाणी गातात, प्रत्येकाचं नाव घेऊन. कायदा जे नाव विसरला होता, ते इथे आधी येतं.

पुढच्या वेळी कव्हर ऐकाल तेव्हा बघा, मूळ गायकाचं नाव कुठे दिलंय का?